रोजच्या फोटोंसाठी एकच ऑल-इन-वन झूम: मी बाजूने आहे, तुमचं काय मत?

पायवाट:
नवा कॅमेरा घेणाऱ्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. दोन-तीन चांगल्या प्राइम (झूम न होणाऱ्या लेन्स) घ्या, ऑल-इन-वन (रुंद चौकटीपासून लांबच्या वस्तूपर्यंत सगळं टिपणाऱ्या) झूमच्या वाटेला जाऊ नका. रोजच्या फोटोग्राफीसाठी मला हा सल्ला मुळीच पटत नाही. फोटो काढायला म्हणून जो मुद्दाम बाहेर पडत नाही, ज्याचा कॅमेरा नेहमीच्या धावपळीत खांद्याला असतो, त्याने १८-२०० किंवा १८-३०० (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंथचे; लहान आकडा म्हणजे रुंद चौकट, मोठा म्हणजे लांबचं जवळ) अशी एकच लेन्स लावावी आणि ती काढूच नये.

मूल जमिनीवर बसून चित्र रंगवतंय, १८ वर अख्खी खोली घेतली. तेवढ्यात खिडकीबाहेरच्या फांदीवर पक्षी आला. लेन्स बदलायची तर बॅग उघडा, मागचं झाकण काढा, एक लेन्स काखेत धरून दुसरी फिरवून बसवा. तोवर फांदी रिकामी. शिवाय माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, जितक्या वेळा उघडा पडेल तितकी सेन्सरवर धूळ बसण्याची शक्यता वाढते, आणि एफ/११ ला (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र, अर्थात अपर्चर, लहान आणि उजेड कमी) मोकळ्या आकाशात तिचे डाग लगेच दिसतात.

या लेन्सची जुनी बदनामीही आता मागे पडायला हवी. टॅमरॉनने १९९२ मध्ये २८-२०० आणली, तिच्यात आणि त्यांच्याच २०२० च्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठीच्या २८-२०० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवी लेन्स रुंद टोकाला एफ/२.८ देते आणि वजन ५७५ ग्रॅम.

सांजउजेड:
असहमत. ‘रोजचे फोटो’ म्हणजे कोणत्या प्रकाशातले, हे आधी ठरवा. नोकरी-शाळा सांभाळणाऱ्या माणसाला घरच्यांचे फोटो काढायला वेळ मिळतो तो संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात. घरात पळणारं मूल स्पष्ट यायला १/२५० सेकंद तरी शटर स्पीड लागतो. बऱ्यापैकी उजेड असलेल्या खोलीत एफ/२ ला तो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे येतात) १६०० वर मिळतो. तोच फोटो एफ/५.६ ला काढायचा तर तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) गेले, म्हणजे आयएसओ १२८००. केसांचा पोत गेला, गालांवर दाणे आले. स्टॅबिलायझेशन आहे ना, असं कोणी म्हणेल. त्याने आपला हात स्थिर होतो, मूल स्थिर होत नाही.

आणि पल्ला वाढवत नेला की काय होतं तेही पाहा. निकॉनची २८-४०० (२०२४) ७२५ ग्रॅममध्ये बसवली हे कौतुकाचंच, पण ४०० ला अपर्चर एफ/८. ढगाळ दुपारी झाडाच्या सावलीतला पक्षी एफ/८ ला टिपून पाहा.

पायवाट:
एफ/५.६ चा हिशेब इथे लागू होत नाही. खोलीत आपण २०० वर फोटो काढत नाही, १८-२४ वर काढतो. तिथे या लेन्स एफ/३.५ च्या आसपास असतात. एफ/२ पासून दीड स्टॉपपेक्षा जरा जास्त फरक. तुमचा १६०० चा आयएसओ फार तर ५००० होईल, आणि हल्लीची नॉइज (दाणे) काढणारी सॉफ्टवेअर तेवढं सहज सांभाळतात.

सांजउजेड:
अख्खी खोली घ्यायची तर ठीक. चेहरा हवा असेल तर तुम्ही ५० ला येणार, आणि तिथे बहुतेक सुपरझूम (अशा लांब पल्ल्याच्या झूम) एफ/४.५ ते ५ वर पोचलेल्या असतात. १८ वरच राहून जवळ गेलात तर नाक मोठं, कान मागे. मागचा पसाराही सगळा स्पष्ट दिसणार. तो धूसर करायलाही मोठं अपर्चरच लागतं.

रानभूल:
दोघंही टोकाचं बोलताय. झूम हवी, पण पल्ला आवरता घ्या. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८-१३५ पुरते. सोनीची १८-१३५ आहे ३२५ ग्रॅमची, टॅमरॉनची १८-३०० आहे ६२० ग्रॅमची. दिवसभर खांद्याला अडकवणाऱ्याला हा फरक संध्याकाळी मानेत कळतो. जड लेन्स घरी राहायला लागते, आणि मग पायवाट यांचा सगळा मुद्दाच संपतो.

लांबचं कसं मिळणार? क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलचा १३५ वरचा फोटो २०० च्या चौकटीइतका कापला तर जवळपास ११ मेगापिक्सेल उरतात. ए४ आकाराची ३०० डीपीआयची प्रिंट ९ मेगापिक्सेलच्या आतच होते.

लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. निकॉनची डीएसएलआरची (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची) १८-२०० घ्या. अगदी जवळच्या वस्तूवर फोकस केला की २०० वरही चौकट २०० ची मिळत नाही, बरीच रुंद मिळते. फुलपाखरासाठी म्हणून २०० घेतलेल्याला हे फार खटकतं. कॅननची आरएफ २४-२४० (२०१९) पाहा, २४ वरच्या रॉ फाइलचे (कॅमेऱ्याने न सुधारलेल्या मूळ फोटोचे) कोपरे काळे असतात; कॅमेरा कडा ताणून-कापून ते लपवतो. माझ्या मते ही फसवणूक नाही, पण कोपऱ्यातला तपशील ताणलेला असतो हे घेणाऱ्याला माहीत हवं.

निरीक्षक:
रानभूल यांना +१. दुकानात बघताना लेन्स खाली तोंड करून धरा आणि चार पावलं चाला. काही सुपरझूम स्वतःच्या वजनाने लांबत जातात. लॉक असतं, पण बऱ्याच लेन्सवर ते फक्त मिटलेल्या स्थितीत लागतं.

पायवाट:
क्रॉपचा हिशेब मान्य, पण तो २०० पर्यंतच. ३०० ला पोचायचं तर ५ मेगापिक्सेलही उरत नाहीत. ज्यांच्याकडे झूम आहे त्यांनी आपल्या जुन्या फोटोंची फोकल लेंथ तपासावी. फोटोच्या माहितीत ती असतेच. बरेच फोटो अगदी लांबच्या टोकाला निघाले, तर त्या माणसाला १८-१३५ सुचवणं चूक आहे.

सांजउजेड:
तपासताना त्या फोटोंची वेळही बघा. सूर्य मावळल्यानंतरचे किती आहेत? नसतील, तर घरी फोटो काढण्यासारखं काही घडलं नाही असं नसतं. दोनदा धूसर आले की माणूस कॅमेरा उचलायचा थांबतो आणि फोनवर भागवतो.

पायवाट:
हा मुद्दा खरा आहे. एक ३५ एफ/१.८ बाळगायला माझी हरकत नाही. पण कॅमेऱ्यावर कायम झूमच राहील.

सांजउजेड:
मी उलट करेन. घरात ३५ लावलेली, बाहेर पडताना झूम. घरातच बदलली तर धुळीची तुमची तक्रारही बरीच कमी होईल.