लोणारच्या बेसाल्टचा पातळ छेद: जे काळंच राहतं ते मास्केलिनाइट समजायचं का?

भूविद्यार्थी_पुणे

नमस्कार मंडळी. विभागातल्या जुन्या पेटीत ‘लोणार, विवराची कड’ अशी चिठ्ठी लावलेले बेसाल्टचे तुकडे आहेत. त्यांचे पातळ छेद (सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसतील इतके घासलेले काप) केले. क्वार्ट्झमध्ये उल्केच्या आघाताने पडणाऱ्या समांतर पट्ट्या शोधल्या, पण मुळात क्वार्ट्झच सापडत नाही. क्रॉस निकलखाली (काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून बघताना) मात्र काही ठिपके स्टेज कितीही फिरवली तरी काळेच राहतात. याला मास्केलिनाइट, म्हणजे आघाताने काच झालेलं फेल्डस्पार, म्हणायचं का? आणि विवराचं वय एका ठिकाणी 52 हजार वर्षं वाचलं, दुसऱ्या ठिकाणी 5.7 लाख. प्रकल्पात कोणतं लिहू?

कातळवेडा

क्वार्ट्झचा शोध थांबवा. मध्य प्रदेशातल्या ढालाचं विवर ग्रॅनाइटी खडकात आहे, तिथे तो पुरावा चालतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मूळचं क्वार्ट्झ जवळपास नसतंच. पोकळ्यांमध्ये भरलेलं गारगोटीसारखं क्वार्ट्झ दिसेल, पण ते पाण्याने नंतर आणून बसवलेलं. त्यावरून आघाताबद्दल काही ठरवू नका.

लोणारचा पुरावा फेल्डस्पारमध्ये आहे. साधारण 20 ते 40 गिगापास्कल दाबाच्या धक्क्याने प्लॅजिओक्लेज (बेसाल्टमधलं फेल्डस्पार) न वितळताच काचरूप होतं, आणि स्फटिकाचा लांबट आकार तसाच राहतो. तेच मास्केलिनाइट. धक्का वाढला की काच वाहायला लागते, आणि 80 गिगापास्कलच्या वर अख्खा खडकच वितळतो. ज्वालामुखी यातल्या कशाच्याही जवळपास पोचत नाही. 1973 साली लोणार आघाताचंच विवर असल्याचं मांडलं गेलं, तेव्हा तळात घेतलेल्या बोअरमधून निघालेल्या तुकड्यांतलं मास्केलिनाइट हा त्यातला मोठा मुद्दा होता.

म्हणून ‘काळं राहतं का’ एवढ्याने भागत नाही. आकार बघा. निकल काढून साध्या प्रकाशात तोच ठिपका बघितला तर प्लॅजिओक्लेजची सरळ कड, आयताकृती पट्टी दिसते का? शेजारचं ऑजाइट (बेसाल्टमधलं दुसरं मुख्य खनिज) तडकलेलं पण निकल लावल्यावर अजून रंग दाखवणारं आहे का? दोन्ही असेल तर आशा आहे. ठिपका वेडावाकडा, स्फटिकांच्या फटीत भरलेला असेल तर ती लाव्हाची साधी काच किंवा पॅलॅगोनाइट (पाण्याने बदललेली तीच काच). गोल पोकळीत असेल तर अ‍ॅनालसाइम या खनिजाचा संशय घ्या, तेही आयसोट्रॉपिक, म्हणजे फिरवलं तरी काळंच राहणारं, असतं.

छेदवाला

वरच्या यादीत मुख्य चोर राहिला: इपॉक्सी, म्हणजे तुकडा काचपट्टीला चिकटवायचा गोंद. आघाताने खडक आतून भेगाळलेला असतो. घासताना फेल्डस्पारचे कण उपटून निघतात, ती भोकं गोंदाने भरतात, आणि उपटलेल्या पट्टीच्या जागी पट्टीच्याच आकाराचा काळा ठिपका तयार! गोंद आणि मास्केलिनाइट दोघांचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) 1.55 च्या आसपास, त्यामुळे उठावावरूनही, म्हणजे कड किती ठळक दिसते त्यावरूनही, फरक कळत नाही. निम्मी ‘मास्केलिनाइट’ या रस्त्याने येतात असं माझं मत.

उपाय सोपा आहे. पातळ इपॉक्सीत निळा रंग मिसळा आणि तुकडा कापण्याआधी व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये भिजवा. मग जे निळं ते भोक. दुकानातलं नेहमीचं अ‍ॅरल्डाइट दाट असतं, ते भेगांत शिरत नाही, वर बुडबुडे धरतं. पुण्याच्या जुलैत तुकडा ओव्हनमध्ये 50-60 अंशांवर रात्रभर वाळवल्याशिवाय गोंद लावू नका, ओल राहिली की पकड सुटते आणि शेवटच्या घासणीत छेद काचपट्टीवरून निसटतो.

घासणी 400, 600, 1000 नंबरच्या कार्बोरंडमवर (घासायच्या पावडरवर), आणि प्रत्येक बदलाला तुकडा व हात दोन्ही धुवा. जाड पावडरचा एक कण पुढच्या काचेवर गेला तरी ओरखडे पडतात. 1000 नंबरवर घाई नको, कण उपटतात ते इथेच. जाडी 30 मायक्रॉन. क्वार्ट्झ नसल्यामुळे जाडी प्लॅजिओक्लेजवरून जोखायची: करडं-पांढरं दिसलं की ठीक, पिवळं झालं की अजून जाड.

आणि तुलनेचा छेद हवाच. वाघोलीच्या खाणीची खडी कुठल्याही बांधकामावर मिळते. तोही दख्खनचाच बेसाल्ट, फक्त धक्का न बसलेला. दोन्ही एकाच दिवशी, एकाच इपॉक्सीत करा. वाघोलीच्या छेदातही तेवढेच काळे ठिपके निघाले तर दोष तुमच्या घासणीत आहे.

भूविद्यार्थी_पुणे

इपॉक्सी साधी, बिनरंगाचीच होती. परत करतो. रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखायची पद्धत) लावून उपयोग होईल का?

कातळवेडा

होईल, आणि तोच निकाल. स्फटिकी प्लॅजिओक्लेज 500 प्रतिसेंमीच्या जरा अलीकडे-पलीकडे दोन टोकदार शिखरं देतं. मास्केलिनाइटमध्ये ती विरघळून 500 आणि 1000 जवळ पसरट फुगवटे राहतात. इपॉक्सीचं सेंद्रिय शिखर 2900 च्या आसपास येतं, म्हणजे तीही लगेच पकडली जाते. फक्त लेसरची शक्ती कमी ठेवा.

वयाचं: दोन्ही आकडे पद्धतीसकट लिहा. 52 हजार (अधिक-उणे 6 हजार) हे 1997 चं थर्मोल्युमिनेसन्स (तापवल्यावर बाहेर पडणारा साठलेला प्रकाश मोजून), 5.7 लाख हे 2011 ला प्रसिद्ध झालेलं आर्गॉन-आर्गॉन (किरणोत्सारी पोटॅशियमपासून साठलेला आर्गॉन मोजून). तत्त्वतः चुका उलट दिशांना ओढतात. काचेत साठलेला प्रकाशसंकेत गळत गेला तर वय कमी भरतं. 6.6 कोटी वर्षं जुन्या खडकातला आर्गॉन वितळताना पूर्ण निघून गेला नाही तर वय जास्त भरतं. म्हणून त्या लेखात उरलेल्या आर्गॉनचा हिशेब कसा केलाय ते आधी बघा. माझा कल आर्गॉनकडे आहे, पण प्रकल्पात कल लिहायचा नसतो.

छेदवाला

एक राहिलं. तुकडे कमी पडले म्हणून लोणारला जाऊन उचलू नका. तिथे अभयारण्य आहे, शिवाय ते राष्ट्रीय भूवारसा स्थळ. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही. परवानगी मिळून माती आणलीत आणि चुंबकाने गोळे (आघातात वितळून उडालेले बारीक थेंब) वेचलेत, तर गोल म्हणजे आघाताचाच असं धरू नका. वेल्डिंगची ठिणगी आणि कोळशाची राखही अशीच गोल होते. गोळा कापून पॉलिश करा आणि प्रोबवर (कणाची रासायनिक घडण मोजणाऱ्या यंत्रावर) निकेल मोजा, ते उल्केतून येतं. आजूबाजूच्या बेसाल्टपेक्षा ते कितीतरी पट जास्त भरलं तरच पुढचं बोलू. वेल्डिंग रॉडमध्येही निकेल असू शकतं, म्हणून सोबत सिलिका आणि कॅल्शियमचं प्रमाण बेसाल्टशी जुळतंय का तेही बघा.