शब्दचर्चा : 'स्टुडंट एंगेजमेंट' आणि 'लर्निंग कम्युनिटी'

प्रश्न
नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकवते. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालाचा मराठी मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. 'स्टुडंट एंगेजमेंट'ला सगळीकडे 'विद्यार्थी सहभाग' लिहिलंय आणि 'लर्निंग कम्युनिटी'चं कुणीतरी 'अभ्यासमंडळ' केलंय. दोन्ही खटकतात. 'गुंतवणूक' लिहावं तर वाचणाऱ्याला एफडी आठवेल. काही सुचतंय का?

प्रतिसाद १
'अभ्यासमंडळ' आधी काढा, मॅडम. विद्यापीठात ते अभ्यासक्रम ठरवणारं अधिकृत मंडळ आहे, भलताच घोळ होईल. 'साखरपुडा' कुणी लिहिलं नाही हे नशीब.

प्रतिसाद २
स्टाफरूममध्ये 'एंगेज' आपण रोज वापरतो, पण कसं? "माझा तिसरा तास आज तुम्ही एंगेज कराल का, सर?" म्हणजे वर्ग रिकामा राहू नये, एवढंच. इथे एंगेज करणारा शिक्षक. विद्यार्थी तासाला 'बसतो', परीक्षेलाही 'बसतो'. शिक्षणशास्त्रातली एंगेजमेंट नेमकी उलट्या बाजूची: मुलानं स्वतः किती जीव लावला. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर अ‍ॅस्टिननं १९८४ मध्ये मांडणी केली ती विद्यार्थी अभ्यासात किती शारीरिक आणि मानसिक ऊर्जा घालतो याची (त्याचा शब्द 'इन्व्हॉल्व्हमेंट'). अमेरिकेत २००० पासून याच विषयावर मोठी पाहणी होते. वर्गात प्रश्न विचारता का, वाचलेल्याबद्दल वर्गाबाहेर कुणाशी बोलता का, असले प्रश्न तीत असतात.

'सहभाग' सह्यांच्या कागदावर मोजता येतो, म्हणून तो अहवालांना आवडतो. आमच्याकडे सिन्नर-दिंडोरीहून येणारी मुलं एसटी चुकू नये म्हणून शेवटचा तास टाकून सीबीएस (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) गाठतात. ७५ टक्के हजेरीच्या यादीत त्यांच्या नावावर लाल खूण. त्याच गाडीत मागच्या सीटवर वही मांडीवर घेऊन ताळेबंद का जुळत नाही यावर सिन्नर येईपर्यंत हुज्जत चाललेली मी ऐकली आहे. घसारा एकदाच वजा करायचा की दोनदा, यावरून! सहभाग कमी, गुंतणं पुरेपूर. म्हणून मी 'गुंतलेपण' म्हणेन. किंवा सरळ क्रियापद वापरा: 'विद्यार्थी अभ्यासात किती गुंतले'. मराठीला नामांची एवढी हौस नाही, ती अहवालांनी लावली.

प्रतिसाद ३
'गुंतलेपण' पटलं. 'लर्निंग कम्युनिटी'ला कुणी 'अध्ययन समुदाय' सुचवेल, तो मात्र नको, 'समुदाय' म्हटलं की आपल्याकडे जात-धर्म आधी डोळ्यासमोर येतात. मूळ कल्पनाही तेवढी पसरट नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२७ ते १९३२ या काळात माइकलजॉन या शिक्षणतज्ज्ञाचं प्रायोगिक महाविद्यालय चाललं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी प्राचीन अथेन्स अभ्यासायचं, दुसऱ्या वर्षी अमेरिका, आणि राहायचंही एकत्र. पुढच्या रूपांत तीच मुलं दोन-तीन विषय एकत्र घेतात आणि ते शिकवणारे आपसात बसून आखणी करतात. यासाठी जुना 'सहाध्यायी' आहेच की. 'सहाध्यायी गट' म्हणा.

प्रतिसाद ४
मी मुक्त विद्यापीठाची. पदवी नोकरी सांभाळून केली. 'ज्ञानगंगा घरोघरी' खरं, पण घरी एकटीनं पुस्तक उघडायचं म्हणजे डोळे मिटायचेच. अभ्यासकेंद्रावरच्या संपर्कसत्रात ओळखी झाल्या, मग आम्ही बायका स्वाध्याय सोडवायला एकमेकींकडे जमू लागलो. त्याला 'अभ्यासगट' म्हणायचो. 'सहाध्यायी' आमच्यात कुणी म्हटलं असतं तर सगळ्या हसल्या असत्या.

प्रतिसाद ३ (पुन्हा)
ताई, बोलताना अभ्यासगटच. पण तो मुलं आपापला जमवतात, तर इथे महाविद्यालयानं वेळापत्रकातच तुकडी बांधलेली असते. हा फरक अहवालात दिसायला हवा.

प्रश्नकर्ती
ठरलं. हजेरी आणि उपक्रमांच्या तक्त्यांत 'सहभाग' राहील, विवेचनात 'गुंतलेपण'. एफवायच्या ज्या दोन तुकड्यांना आम्ही तीन विषय जोडून देतो ते 'सहाध्यायी गट', आणि मुलांनी स्वतः जमवलेले 'अभ्यासगट'. 'मेंटॉर-मेंटी'चं (मार्गदर्शक शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेला विद्यार्थी) काय करू?

प्रतिसाद १
ते तसंच ठेवा. 'मेंटी'ला मराठी शब्द शोधेपर्यंत समिती येऊन जाईल.