जळगाव ते गोकर्ण, ९११ मधून, सोबत बाबा. जमेल का?

सावदेकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. दीड वर्षापूर्वी सेकंडहँड पोर्शे ९११ घेतली, ९९२ जनरेशनची करेरा. आतापर्यंत ती जळगाव-भुसावळ आणि जळगाव-धुळे एवढीच फिरली, फार फार तर लळिंगचा घाट चढून परत. आता जानेवारीत बाबांना घेऊन गोकर्णला जायचं मनात आहे. बाबा ७१ वर्षांचे, सावद्याहून केळीचा ट्रक घेऊन तीस वर्षं दिल्ली केली त्यांनी, आग्रा रोडवरचा ढाबा न् ढाबा पाठ आहे, पण सोलापूरच्या खाली कधी गेले नाहीत. गोकर्णाच्या महाबळेश्वराचं दर्शन घ्यायचं हे त्यांचं कधीचं चाललंय. आणि माझं म्हणाल तर ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचा माल वाहिला त्याला एकदा पुढच्या सीटवर बसवून, काही न वाहता, लांब न्यायचंय.

अजिंठा घाट, सिल्लोड करून संभाजीनगरला जायचं, तिथून ५२ नंबरचा हायवे धरायचा तो बीड, धाराशिव, सोलापूर, विजयपुरा, हुबळी करत थेट अंकोल्याला उतरतो, असा बेत आहे. मुक्काम सोलापूरला. पुढच्या अॅक्सलची लिफ्ट आहे गाडीला. कोणी इतकी बसकी गाडी इतकी लांब नेली असेल तर सांगा, काय काय सांभाळायचं? आणि एवढ्या लांब न्यावी का हेही सांगा.

घाटवाट

न्यावी, शंभर टक्के न्यावी. ९११ ही रोज चालवायची गाडी म्हणूनच बनत आलीय, १९६३ ला पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून मागे दोन छोट्या सीट आहेत त्या उगाच नाहीत. इंजिनाची काळजी करू नका, हायवेला सहाव्या सातव्या गिअरला ते निवांत असतं. त्रास होणार तो गावाबाहेरच्या ब्रेकरचा. लिफ्टने नाक साधारण ४० मिमी वर जातं, पण ती ३५ च्या आसपास स्पीडपर्यंतच उचललेली राहते, म्हणजे ब्रेकर दिसला की आधी वेग कमी, मग बटण, आणि मागून येणाऱ्या पिकअपवाल्याला वेळेत ब्रेक लाइट दिसला पाहिजे. ब्रेकर फार उंच वाटला तर तिरपी काढा, एक एक चाक चढू द्या.

मी चाळीसगावचा, माझी गाडी ९११ नाही, दुसऱ्या कंपनीची टू सीटर आहे, पण ती घेऊन कन्नड घाटातून महिन्यातून दोनदा जातो. २०२३ मध्ये हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आदेशाने घाटात अवजड वाहनं बंद झाली तेव्हापासून कारवाल्यांना मोकळा श्वास मिळालाय. तुम्हाला अजिंठाच जवळ पडेल, उगाच इकडे वळू नका. फक्त फर्दापूरला सकाळी पर्यटकांच्या बस यायच्या आत घाट चढून जा.

टायर_धुळे

भाऊ मी टायरच्या धंद्यात आहे म्हणून फक्त टायरचं बोलतो, बाकी लोक सांगतीलच. तुमच्या गाडीत स्टेपनी नाही. एक केमिकलची बाटली आणि छोटा कंप्रेसर आहे बस. खिळा घुसला तर त्याने काम भागतं, पण खड्ड्यात आपटून साइडवॉल फाटली तर ती बाटली काही कामाची नाही. तुमच्या मागच्या टायरची साइज २९५/३५ आणि रिम २० इंची, हे पुढच्यापेक्षा वेगळं, त्यामुळे पुढचं मागे लावून वेळ मारून नेणंही होत नाही. आणि साइडवॉलवर N ने सुरू होणारा मार्क असतो तोच बसवा, N0, N1 असा, तो पोर्शेने पास केलेला असतो. असं टायर धुळ्या-जळगावात शेल्फवर नसतं, बीड-धाराशिवला तर सोडाच. निघायच्या आधी एक फोन संभाजीनगरला, एक पुण्याला, एक हुबळीला करून ठेवा, साइज सांगून विचारून ठेवा की आज लागलं तर उद्या मिळेल का.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाची अशीच गाडी रात्री खड्ड्यात गेली, टायरला फुगा आला. टोइंगवाला आला तो साधा हुक लावून ओढायचा ट्रक घेऊन. अशी गाडी फ्लॅटबेडवरच चढवायची, ओढायचा हुक गाडीच्या टूलकिटमध्ये असतो, बंपरमधलं झाकण काढून पिळून बसवायचा. हे घरी एकदा करून बघा, रात्री रस्त्यात टॉर्च धरून नाही जमत. हवा सकाळी गाडी थंड असताना बघा, दुपारी गरम टायरमधली वाढलेली हवा काढू नका, ही चूक लई लोक करतात.

नाना_अमळनेर

मना भाऊ, सगळे गाडीचं बोलू राहिले, बापाचं कोणी बोलत नाही. ट्रकवाल्याचे गुडघे क्लचवर गेलेले असतात. माझा गुडघा बदललेला आहे आणि मुलाच्या बसक्या गाडीत बसतो म्हणून सांगतो. सीट पूर्ण वर आणि मागे घे, बाबांनी पाठ गाडीकडे करून आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना उलटं. डाव्या बाजूला उंच फूटपाथ असेल तर तिथे लावू नको, दार लांब आणि खाली असतं, ते घासतं आणि माणसाला उभं राहायलाही जास्त जोर लागतो. त्यांच्या बाजूची जमीन थोडी खाली असली तर उलट सोपं. दर दीड तासाला थांब, त्यांनी नको म्हटलं तरी थांब, ट्रकवाले नकोच म्हणतात.

घरी दुसरी उंच गाडी असेल तर मी म्हणेन तीच ने.

सावदेकर

नाना, आहे उंच गाडी, आणि मी तेच ठरवलं होतं. बाबाच म्हणाले की त्यातून तर आपण लग्नाला जातो. काल तुम्ही सांगितलं तसं पाठ टेकून बसवलं, दोनदा चढ-उतर केली, जमतंय. घरापासून शिव कॉलनीपर्यंत जाऊन आलो तर म्हणाले ह्याच्यातून ट्रकचा पाटा (चाकावरची स्प्रिंग) दिसतो सरळ, कोणाचा बसलाय ते कळतं.

टायर_धुळे भाऊ, तिन्ही फोन करतो उद्याच. सामानाचं सांगा, पुढे डिकी १३२ लिटर आहे म्हणतात.

माहेर_धाराशिव

सामान सॉफ्ट बॅगेत भरा, कडक सुटकेस पुढच्या खोल खड्ड्यात बसत नाही. मागच्या सीटच्या पाठी पाडल्या की तिथे बाबांची काठी, पाणी, घोंगडी सगळं मावेल. डबा पण घरचाच घ्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो.

पण मी लिहितेय ते वेगळ्यासाठी. मी नंदुरबारची सून, माहेरी ह्याच रस्त्याने जाते. जानेवारी म्हणजे ऊस. बीड सोडलं की सोलापूरपर्यंत दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, कित्येकांना मागे लाल दिवा नाही, आणि टोकाला बाहेर आलेली उसाची मोळी अंधारात दिसतच नाही. तुमची गाडी इतकी खाली की ती मोळी काचेच्या उंचीला येते. माझ्या चुलत भावाची साधी हॅचबॅक अशी ट्रॉलीखाली गेली, तो वाचला पण उजवा डोळा गेला. म्हणून हात जोडून सांगते, साडेसहाच्या आत मुक्कामाला पोचा. चौपदरी रस्ता आहे, १०० ची लिमिट आहे, तुमची गाडी त्याच्या जवळजवळ तिप्पट जाईल तरी ट्रॅक्टर विरुद्ध बाजूनेही येतो हे डोक्यात ठेवा. जळगावहून पहाटे पाचला निघालात तर तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊनही उजेडात सोलापूर गाठाल. आणि संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वराची यात्रा असते, तेव्हा सोलापूरला रूम मिळत नाही, तारीख बघून ठरवा.

घाटवाट

ताईंचं बरोबर आहे. अजून एक, रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यात आहेत, आपल्याकडे आत्ता कापूस आणि पाचोळा दोन्ही उडतंय, तो तिथे जाऊन बसतो. निघायच्या आधी हवेने साफ करून घ्या. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं भरा, झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. टाकी ६४ लिटरची असेल, लिटरला १० धरलं तरी ६०० किमी, पण तुम्ही संभाजीनगर आणि सोलापूरला टाकी फुल करत चला, मधे कुठे काय मिळेल ह्या भरवशावर राहू नका. येल्लापूर ते अंकोला आरबैलचा घाट लागतो, जंगल आहे, तिथे बाबांना खिडकी उघडून द्या.

सावदेकर

ताई, तुमच्या भावाचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले आपण ट्रक रात्रीच चालवायचो, तेव्हा समोरच्याला आपण दिसायचो. आता पाचला नाही, साडेचारला निघायचं म्हणतात.

संक्रांत टाळून २० तारखेनंतर जातोय. नेरी ते पहूर रस्त्याला आत्ता कुठे काम चालू आहे का, ह्या आठवड्यात कोणी गेलं असेल तर सांगा, डायव्हर्जनला मुरूम टाकलेला असेल तर लिफ्टवर तेवढं अंतर जाणार नाही, मग एरंडोलवरून फिरून यावं लागेल.