यूआर्टला इंटरप्ट लावायलाच हवा का?

लूपवाला
नवख्या मुलांनी सिरियलबद्दल, म्हणजे यूआर्टवर एकेक बिट करून येणाऱ्या डेटाबद्दल, काही विचारलं की उत्तर ठरलेलं: इंटरप्ट लावा (बाइट आला की चालू काम थांबवून तो आधी उचलायचा), रिंग बफर (गोल फिरणारी साठवण) लिहा. मला हे अति वाटतं. एटमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर घ्या, १६ मेगाहर्ट्झवर, आणि ९६०० बॉडचं (सेकंदाला ९६०० बिट) जीपीएस मोड्यूल. स्टार्ट-स्टॉप धरून बाइटचे १० बिट, म्हणजे १.०४ मिलिसेकंदाला एक बाइट. तेवढ्यात प्रोसेसरच्या साडेसोळा हजारांवर सायकल्स होतात! शिवाय हार्डवेअरमध्ये दोन बाइटांचा फिफो (आलेल्या बाइटांची रांग) आहेच. लूप दोन मिलिसेकंदांत फिरत असेल तर आरएक्ससी फ्लॅग (बाइट आल्याची खूण) बघा, यूडीआर (आलेला बाइट मिळतो ते रजिस्टर) वाचा, विषय संपला. इंटरप्ट आणला की व्होलाटाइल (व्हेरिएबल कधीही बदलू शकतं हे कंपायलरला सांगणं) आलं, सामायिक व्हेरिएबल आली आणि कधीतरीच उगवणारे बग आले. मतं येऊ द्या.

डेटाशीट_वाचा
सगळी मदार त्या 'असेल तर'वर आहे. याच चिपच्या ईईप्रॉमला (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) एक बाइट लिहायला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात. चार बाइटांचा आकडा साठवा. पहिला लिहून होईपर्यंत दुसरा ताटकळतो, की लूप दहा मिलिसेकंद अडकला. तेवढ्यात नऊ-दहा बाइट येतात. दोन फिफोत, तिसरा शिफ्ट रजिस्टरमध्ये (येणारे बिट गोळा होतात तिथे) लटकलेला, बाकीचे गेले. ओव्हररनची (बाइट हरवल्याची) नोंद डीओआर बिटमध्ये होते, पण ते बघतो कोण? चेकसम (डेटा नीट आला का ते तपासणारा आकडा) चुकतो आणि खापर मोड्यूलवर फुटतं. इंटरप्ट असता तर ईईप्रॉम लिहिलं जात असतानाही बाइट बफरात पडत राहिले असते.

लूपवाला
जीपीएस दर सेकंदाला पुन्हा बोलतो. एक वाक्य हुकलं म्हणून काय बिघडलं?

डेटाशीट_वाचा
जीपीएसचं चालेल. मोडबसवर (यंत्रांना जोडणारा प्रोटोकॉल, त्यात मास्टर विचारतो आणि स्लेव्ह उत्तर देतो) मास्टरची विनंती हुकली तर स्लेव्ह गप्प बसतो आणि मास्टर टाइमआउट होतो.

सोल्डरची_वाफ
दोघंही धरून चाललाय की इंटरप्ट वेळेवर धावतोच. ६० डब्ल्यूएस२८१२ एलईडींची पट्टी लावा. दर एलईडीला २४ बिट, ३० मायक्रोसेकंद, म्हणजे एकूण १.८ मिलिसेकंद. एव्हीआरवरच्या (एटमेगाचं घराणं) लायब्ऱ्या तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवतात. ९६०० ला निभावतं. १,१५,२०० ला बाइट ८७ मायक्रोसेकंदाचा, त्यामुळे वीसेक बाइट येतात आणि तुमचा सुंदर आयएसआर (इंटरप्ट आला की धावणारं फंक्शन) दाराबाहेर उभा!

एसटीएम_प्रेमी
म्हणूनच डीएमए, हार्डवेअरच आलेला डेटा थेट मेमरीत टाकतं. सर्क्युलर मोड (बफर संपला की पुन्हा सुरुवातीपासून) लावा, आयडल लाइनचा (लाइन शांत झाल्याचा) इंटरप्ट घ्या, प्रोसेसर मोकळा.

डेटाशीट_वाचा
एटमेगाला डीएमए कुठून आणू? आणि सर्क्युलर डीएमएसुद्धा वाचायला उशीर झाला की जुन्यावर नवं लिहितो, तेही मुकाट्यानं. सरासरी वाचण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा कमी असेल तर कुठलाच बफर पुरत नाही. बफर फक्त अधूनमधूनची अडवणूक झेलतो. म्हणून आधी लूप जास्तीत जास्त किती अडतो ते मोजा, मग आकार ठरवा. अर्डुइनोचा रिसीव्ह बफर ६४ चा, एक जागा रिकामी ठेवावी लागते म्हणून हाती ६३. ९६०० ला तो ६५ मिलिसेकंदांत भरतो, १,१५,२०० ला साडेपाचात. मध्ये १०० मिलिसेकंदांचा डिले टाकणाऱ्यांनी हिशोब करावा.

अवांतर: '६४ कमी पडतात, ५१२ करू' म्हणणाऱ्यांनो, इंडेक्स (बफरातली जागा सांगणारा आकडा) मग १६ बिटांचा होतो. आठ बिटांचा प्रोसेसर तो दोन हप्त्यांत वाचतो, मधेच आयएसआर घुसला की भलताच आकडा हाती येतो. वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवा.

लूपवाला
हेच तर म्हणतोय! एवढ्या खाचाखोचा नवख्यानं पहिल्याच दिवशी का सोसाव्यात? अर्डुइनोच्या सिरियलमध्ये हे सगळं आयतं आहे, ते वापरू दे त्याला. ईईप्रॉमचं मान्य. पण स्वतः रजिस्टरवर लिहायचं असेल, वेग ९६०० असेल आणि लूपमध्ये अडवणारं काही नसेल, तर मी पोलिंगच (लूपमध्ये फ्लॅग बघत राहणं) करणार.

सोल्डरची_वाफ
करा. पुढच्या महिन्यात कुणीतरी त्याच लूपमध्ये एलसीडी जोडेल. नुसत्या क्लिअर कमांडलाच दीड मिलिसेकंद लागतो.