३६वा आठवडा, मेमधलं बाळंतपण, नागपूर: बॅगेत नेमकं काय भरायचं आणि निघायचं कधी?

मनीषनगरकर
बायकोला ३६वा आठवडा लागलाय. पहिलंच बाळंतपण, तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्यातली. नाव धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात घातलंय. नेटवरच्या याद्यांमध्ये साठ-सत्तर वस्तू आहेत, तेवढं नेलं तर लोकांना वाटेल आम्ही घर बदलतोय. खरंच काय लागतं? आई म्हणते पहिली कळ आली की निघा, सासूबाई म्हणतात घाई नको. आणि ४५ डिग्रीत बाळाला कूलरमध्ये ठेवायचं की नाही, यावर घरात दोन तट पडलेत.

लेबररूम_सिस्टर
भाऊ, बॅगेआधी फाइल लावा. रात्री दोन वाजता ड्युटीवरचा डॉक्टर चाळीस कागद उलटत बसतो आणि ब्लडग्रुप शेवटच्या पानावर सापडतो, हे नेहमीचं आहे. सगळ्यात वर एकच कोरा कागद लावायचा. त्यावर मोठ्या अक्षरात शेवटच्या पाळीची तारीख, अपेक्षित तारीख, ब्लडग्रुप, शेवटचं हिमोग्लोबिन, कशाची ॲलर्जी, चालू गोळ्या (थायरॉइड, बीपी, शुगर) आणि दोन फोन नंबर लिहा. त्याखाली एचआयव्ही, कावीळ-बी, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी) आणि सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) रिपोर्ट, मग शेवटची सोनोग्राफी. आपल्या विदर्भात सिकलचा रिपोर्ट विचारतातच, झाला नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. आईचा ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची तारीखही त्याच कागदावर. बाळाचा ग्रुप पॉझिटिव्ह निघाला तर ते इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं.

बॅगा दोन करा. लेबर रूमची लहान, त्यात समोरून उघडणारा सुती गाऊन, पाण्याची बाटली, केसांना रबर आणि बाळाचं पहिलं दुपटं-टोपडं. बाकी सगळं वॉर्डच्या बॅगेत. त्यात आणखी दोन-तीन गाऊन, बाळंतपणाचे लांब पॅड दोन पाकिटं आणि गडद रंगाच्या, एक साइज मोठ्या, उंच कंबरेच्या चड्ड्या. सिझेरियन झालंच तर नेहमीच्या चड्डीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर बसतं. बाळासाठी ८-१० लंगोट, ४-५ झबली, ४ दुपटी. नवीन कपडा तसाच घालू नका, एकदा धुऊन उन्हात वाळवा आणि मानेमागचा टॅग कापून टाका. जुन्या सुती साडीच्या दुपट्याला तोड नाही. बाळाची पहिली शी काळी आणि डिंकासारखी चिकट असते. ढुंगणाला आधीच खोबरेल तेलाचा हात लावला तर ती ओल्या कापसाने एका झटक्यात निघते, नाहीतर घासून घासून कातडी लाल होते.

दुधाची बाटली, पावडरचा डबा, काजळ घरीच राहू द्या. ओटीभरणात मेंदी काढली असेल तर निदान एक-दोन बोटांची टोकं कोरी ठेवा आणि नेलपॉलिश काढा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यावरून चुकीचा आकडा दाखवू शकतं. अंगठ्या आत्ताच काढा. महिनाअखेरीस बोटं सुजली की साबण लावूनही निघत नाहीत.

प्रसूतिशास्त्र_निवासी
निघायचं कधी, यात आई आणि सासूबाई दोघींचं अर्धं अर्धं बरोबर आहे.

कळा मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ धरायचा. बहुतेक नवरे मधली विश्रांतीच मोजतात आणि आकडा चुकतो. पहिलटकरणीला कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येक कळ ४५ ते ६० सेकंद, आणि हे तासभर टिकलं की निघा. चाललं, कूस बदलली, कोमट पाण्याने आंघोळ केली की विरणाऱ्या कळा खोट्या. खूप लवकर आलात तर पिशवीचं तोंड दोन सेंटीमीटरवर असताना पलंगावर अडकून पडाल. घरी निदान चालता येतं, मुगाची पातळ खिचडी किंवा नारळपाणी घेता येतं. जड जेवण नको, ऐनवेळी भूल द्यावी लागू शकते.

पण खालच्या गोष्टींत घड्याळ बघत बसू नका, सरळ निघा: पाणी गेलं (कळा नसल्या तरी), चिकट डागापेक्षा जास्त रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीच्या खाली पोटात वर दुखलं (हे बीपीचं), किंवा ३७ आठवड्यांआधी कळा आल्या. पाणी गेलं की वेळ लिहा, पॅड लावा आणि रंग पाहा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असते, ते फोनवरच सांगा. पाण्यासोबत नाळ बाहेर आलेली दिसली तर ती आत ढकलायची नाही. गुडघे आणि कोपर टेकवून कंबर वर, तशीच गाडीत, आणि दवाखान्याला आधी फोन. हालचालीची शंका आली तर डाव्या कुशीवर झोपवून मोजा. २ तासांत १० भरल्या नाहीत तर रात्रीच जा, ‘सकाळी ओपीडीत दाखवू’ म्हणू नका.

धंतोलीत दिवसा गाडी लावायला जागा शोधण्यात वेळ जातो. तिला दारात उतरवणारा आणि गाडी लावणारा अशी दोन माणसं लागतील. पुढच्या तपासणीत विचारून ठेवा: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, बालरोगतज्ज्ञ प्रसूतीला हजर असतात का, बाळाचं आयसीयू आत आहे की बाहेर पाठवतात, रक्त कोणत्या रक्तपेढीतून येतं. खोलीच्या भाड्याआधी हे विचारायचं.

आणि एक. प्रसूतीनंतर तासाभरात पूर्ण पॅड भिजला किंवा लिंबाएवढी गाठ पडली तर सिस्टरला लगेच बोलवा. ‘बाळंतपणात एवढं जातंच’ म्हणत बसलं की उशीर होतो.

कागदपत्र_काका
कॅशलेस विमा असेल तर प्री-ऑथचा (आगाऊ मंजुरीचा) फॉर्म आत्ताच दवाखान्यातल्या टीपीए (विम्याचे दावे हाताळणाऱ्या) डेस्कवरून आणून अर्धा भरून ठेवा. प्रसूतीचा प्रतीक्षा काळ संपलाय का तेही पॉलिसीत पाहा, बिलाच्या वेळी पाहून उपयोग नाही. सरकारीत जायची वेळ आली तर डागा, मेयो, मेडिकल आहेत. तिथे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या मोफत. ने-आण १०२ वर, तातडीला १०८.

जन्माची नोंद २१ दिवसांत. दवाखान्याच्या फॉर्मवर आई-वडिलांची नावं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवूनच सही करा. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला शाळा, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला लागतो. बारसं बाकी असेल तर बाळाच्या नावाची जागा रिकामी चालते, ते वर्षाच्या आत भरता येतं.

बाळांचा_दवाखाना
कूलर चालतो. झोत थेट बाळावर नको, खिडकी थोडी उघडी, टाकीतलं पाणी रोज बदला. एसी असेल तर २६-२८. बाळ तापलंय की गार पडलंय हे छाती आणि मानेमागे हात लावून पाहा, तळहात-तळपाय गारच असतात. मे महिन्यात टोपडं, मोजे आणि तीन दुपटी गुंडाळली तर बाळाला ताप भरतो, मग सगळे इन्फेक्शन शोधत बसतात.

नागपूरचा उन्हाळा असला तरी बाळाला पाणी नाही, घुटी नाही, मध तर नाहीच. पाणी आईने प्यायचं. दूध पुरतंय का हे लंगोटांवरून कळतं: पहिल्या दिवशी एक-दोन ओले, पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी. सुरुवातीला वजन ७-१० टक्के उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला तर थांबायचं नाही, आणि कावीळ उतरवायला मेच्या उन्हात तर अजिबात धरायचं नाही. बंद खोलीत शेगडीची शेक-धुरीही नको, कोळशाचा वायू आई आणि बाळ दोघांनाही बाधतो.

घरी जाण्याआधी कार्डावर चार नोंदी तपासा: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, २४ तासांच्या आतलं हिपॅटायटिस-बी आणि व्हिटॅमिन के.

मनीषनगरकर
फाइल आत्ताच उघडली. सिकलच्या रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलंय. आम्हाला कोणी काही बोललं नव्हतं.

लेबररूम_सिस्टर
म्हणजे त्या वाहक आहेत, सिकलच्या रुग्ण नाहीत. आता तुमचं रक्त तपासा, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लिहून घ्या, नुसती प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी नको. तुम्ही ‘एए’ (म्हणजे वाहकही नाही) निघालात तर बाळाला सिकलचा आजार होणार नाही, फार तर वाहक असेल. तुम्हीही ‘एएस’ असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता असते, म्हणून बाळाची तपासणी कधी करायची ते बालरोगतज्ज्ञांशी प्रसूतीआधीच ठरवा. तुमचा रिपोर्ट आला की वरच्या कागदावर त्यांच्या ब्लडग्रुपखाली लाल पेनाने लिहा.