पावसात गाडीच्या काळ्या प्लास्टिकवरचं ड्रेसिंग (काळेपणा परत आणणारं औषध) टिकतच नाही, काय करावं?

पाटोचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. राहतो डिचोलीत, नोकरी पणजीला पाटोवर. गाडी पांढरी, छोटी एसयूव्ही, सहा वर्षं झाली. चाकांच्या कमानींभोवतीचं, दरवाजांखालचं आणि दोन्ही बंपरांचं काळं प्लास्टिक पार भुरकट झालंय. ऑफिसला गाडी उघड्यावर लावावी लागते, एप्रिल-मेचं ऊन अख्खा दिवस तिच्या डोक्यावर.

मागच्या आठवड्यात एका सर्व्हिसिंगवाल्याकडे धुवायला दिली. त्याने त्या प्लास्टिकवर कसलंसं पांढरं पातळ औषध स्पंजने फासून दिलं. गाडी ताब्यात घेतली तेव्हा झकास दिसत होती. मये ओलांडेपर्यंत सर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दरवाजांवर तेलकट ओघळ, ओघळांवर तांबडी माती चिकटलेली आणि प्लास्टिक कुठे काळं, कुठे करडं. आधीचं बरं होतं म्हणायची वेळ आली.

पावसात टिकणारं खरंच काही मिळतं, की बाटलीवर लिहिलेल्या सगळ्या थापाच असतात? आणि आता जुलैत करून उपयोग आहे, की सरळ दिवाळीपर्यंत थांबू? चतुर्थीला मुंबईहून मेहुणे येतात, तोवर गाडी जरा माणसांत यावी एवढीच इच्छा. तसंच, रात्री गाडीला कव्हर घातलं तर फरक पडेल का?

माडाखाली

खोबरेल लावा. फडक्यावर चार थेंब घ्या आणि चोळा. आमची जुनी जीप त्यावरच चकचकीत असते. उगाच पैसे कशाला घालवता?

फर्मागुढीचा_पाना

प्रवासी भाऊ, सर्व्हिसिंगवाल्याने तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. पांढरं पातळ म्हणजे पाण्यातलं ड्रेसिंग. आतल्या डॅशबोर्डला किंवा शेडमध्ये उभ्या गाडीला ते उत्तम. पण गोव्याच्या जुलैत बाहेरच्या बंपरवर ते लावणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना काढणं.

मी फर्मागुढीला गाड्यांचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने सफाई आणि पॉलिश, करतो. पावसाळ्यात रोज कोणीतरी हीच तक्रार घेऊन येतो आणि आल्या आल्या विचारतो, बाटली कुठली घेऊ? बाटलीचं नंतर बघू, आधी प्लास्टिक बघा. हे पॉलिप्रॉपिलीन असतं, काळं दिसावं म्हणून त्यात कार्बन ब्लॅक घातलेलं. उन्हाने वरचा पातळ थर कुजतो, त्याला बारीक भेगा पडतात, त्यांत उजेड विखुरतो आणि प्लास्टिक पांढुरकं दिसतं. ड्रेसिंगमधलं सिलिकॉन तेल त्या भेगा भरतं, म्हणून परत काळं. भेगांत आधीपासून माती, जुनं पॉलिश आणि पाणी बसलं असेल तर नवं तेल आत शिरणार कुठे? ते वरच राहतं आणि पहिली सर त्याला घेऊन जाते. आपल्याकडे पाऊस दर हंगामाला इंचांचं शतक ठोकतो, वाळपई-सांग्याचं तर बोलायलाच नको.

तेव्हा खरं काम धुण्यात आहे. साध्या शाम्पूने हे सुटत नाही. ऑल पर्पज क्लीनर घ्या, दुकानात एपीसी म्हटलं की देतात, एकास दहा पाणी घालून. मऊ नायलॉनचा ब्रश घ्या आणि प्लास्टिकच्या खडबडीत दाण्यांत फिरवा. पहिला फेस तांबडा येईल, ती आपली माती. धुऊन परत मारलात की करडा येईल, ते जुनं पॉलिश आणि मेलेलं प्लास्टिक. फेस पांढराच्या पांढरा राहील तेव्हा थांबायचं. मग वर थोडं पाणी शिंपडून बघा. थेंब गोळा होऊन उभे राहिले तर जुनं सिलिकॉन अजून बसलंय, परत ब्रश घ्या. पाणी सपाट पसरलं तर झालं.

यानंतर सुकवणं, आणि इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. क्लॅडिंगची, म्हणजे याच काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची, वरची कड पत्र्याला जिथे मिळते त्या सांध्यात पाणी दडून बसतं. तुम्ही सगळं पुसता, ड्रेसिंग लावता, आणि अर्ध्या तासाने ते पाणी हळूच खाली उतरतं, ताज्या थरावरूनच. तुमच्या गाडीवरचे काही ओघळ पावसाचे नसून याच पाण्याचे असतील. सांध्यांत ब्लोअर मारायचा. घरी ब्लोअर नसेल तर उघडीप बघून गाडी दहा-पंधरा मिनिटं पळवून आणा, मग पुन्हा पुसा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्ध्या पाण्यात मिसळून फडक्याने एक हात फिरवा. फार्मसीत ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात आणखी पाणी घालायची गरज नाही.

आता बाटली. पाण्यातलं ड्रेसिंग या दिवसांत एक-दोन चांगल्या सरी सोसेल, जास्त नाही. सॉल्व्हंटवालं, म्हणजे पाण्याऐवजी द्रावकातलं, जरा दाट आणि तेलकट असतं, त्याला पेट्रोलसारखा वास येतो. ते नीट लावलं तर तीन-चार आठवडे निघतात. तिसरं म्हणजे ट्रिम कोटिंग (ट्रिम म्हणजे हेच बाहेरचं प्लास्टिक), ज्याला हल्ली सगळे सिरॅमिक म्हणतात. ते भेगा नुसत्या भरत नाही, वर कडक थर धरतं. बाटलीवर दोन वर्षं लिहिलेली असतात, पण उघड्यावरच्या गाडीला आपला एक पावसाळा धड काढला तरी मी खूष.

थर जाड लावू नका. जाड लावलं की जास्त टिकतं हा समज कुठून आला देव जाणे. जास्तीचं तेल आत जात नाही, दरवाजावर उतरतं. फोमच्या तुकड्याने पातळ लावायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि कोरड्या मायक्रोफायबरने पुसून काढायचं. पुसायला लोकांचं मन होत नाही, पैसे दिलेत ना! पण बोट फिरवल्यावर बोट कोरडं राहिलं पाहिजे. हवं तर तासाभराने दुसरा पातळ हात द्या. आणि त्या रात्री गाडी छपराखाली हवीच. पोर्च नसेल तर शेजाऱ्याला गाडी काढायला सांगा, मेहुण्यांचं कारण द्या.

कव्हर अजिबात नको. ओल्या गाडीवर कव्हर म्हणजे आत वाफ कोंडणार, वाऱ्याने कापड घासून रंगावर चरे पडणार, आणि सीटांवर बुरशी आली तर ते वेगळंच.

माडाखाली

एवढं सगळं करण्यापेक्षा गाडी बदलली तर स्वस्त पडेल हो बाब.

वाळपईची_सर

कुंडईला रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, म्हणून थोडी भर.

पाण्यातल्या ड्रेसिंगमध्ये सिलिकॉन तेलाचे बारीक कण असतात आणि ते पाण्यात सुटे राहावेत म्हणून साबणासारखा एक घटक घातलेला असतो. लावल्यावर पाणी उडून गेलं पाहिजे, मग ते कण एकमेकांना चिकटून सलग थर होतो. हवेतली आर्द्रता नव्वदच्या घरात असताना पाणी फारच हळू उडतं. वरून हाताला सुकल्यासारखं लागतं, आत काम अर्धवट असतं. त्यात सर आली की तोच साबणासारखा घटक तेलाला परत पाण्यात मिसळवून घेऊन जातो. ओघळ बघा, पांढुरके दिसले तर नक्की हेच झालंय.

सिरॅमिक कोटिंगचं उलट आहे. त्यातली बरीचशी हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात, त्यामुळे दमट हवेला घाबरू नका. थर बसायच्या आत पाण्याचा थेंब पडला तर मात्र तिथे पांढरा डाग कायमचा. पाना भाऊंनी छप्पर सांगितलं ते याचसाठी. बाटलीवर किती तास कोरडं ठेवा ते लिहिलेलं असतं, बहुतेकांवर बारा ते चोवीस, तेवढे तास खरोखर पाळा.

माडाखाली काका, खोबरेल सुकणारं तेल नव्हे. ते तसंच ओलं राहतं, धूळ धरतं, काही दिवसांनी खवट वास मारतं. २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात पहाटे गाडीवर पांढरे डाग. जीप आतून गंजत नसेल तर तुमचं नशीब थोर.

पाटोचा_प्रवासी

पाना भाऊ, ताई, मनापासून आभार. ओघळ पांढुरकेच होते.

दोन शंका राहिल्या. एक, त्या दिवसापासून पुढचे वायपर कडकड आवाज करत उडतात आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा काचभर पसरतो. वायपर तर मार्चमध्येच नवे घातलेत. याचा त्या औषधाशी संबंध असेल? दुसरं, एका मेकॅनिकने हीट गन मारून देतो म्हणून सांगितलं, पाच मिनिटांत काळं करतो म्हणे.

फर्मागुढीचा_पाना

संबंध शंभर टक्के. काचेखाली, वायपर जिथून निघतात तिथे काळं प्लास्टिक असतं ना, तिथेही त्याने फासलं असणार. बॉनेट बंद असलं तरी स्पंज तिथे पोचतो. पावसाने ते तेल भिजलं, वायपरने उचललं आणि काचभर सारवलं. मी त्या पट्टीला पावसाळ्यात हातसुद्धा लावत नाही. ती भुरकट राहू दे, तुम्हाला रस्ता दिसू दे.

काच आधी भांड्याच्या साबणाने धुवा, सुकवा, मग त्याच अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू. वायपर उचलून त्याच्या रबराची कडही अल्कोहोलच्या फडक्याने ओढून घ्या, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. एवढ्याने गेलं नाही तर सेरियम ऑक्साइडची काचेची पॉलिश मारावी लागते, ती मारून घ्या माझ्याकडे. नवे वायपर विकत घेऊ नका, तेलकट काचेवर तेही तसेच उडतील. हे आजच करा. रात्री मांडवी पुलावर पाऊस आणि समोरून बस, तेव्हा काचभर दिवा पसरलेला नको.

हीट गनला माझा नकार. प्लास्टिक तापलं की वरचा थर वितळून भेगा मिटतात आणि काळं दिसतं, ते खरं. पण उन्हाने मेलेला भाग तसाच राहतो, काही महिन्यांनी परत पांढरं. हात एका जागी रेंगाळला की दाणे सपाट होऊन तिथे कायमचा चकाकणारा डाग. शेजारी पांढऱ्या रंगाचा पत्रा आहे, आतल्या क्लिपा आहेत. फेकायच्या बंपरवर हवी तेवढी मारा.

डिझेल मारून देतो म्हणणारेही भेटतील, गाडीच्या खालून मारतात तसं. दरवाजांची रबरं त्याने फुगतात, मग काचा अडकतात.

चतुर्थीसाठी म्हणाल तर असं करा. आता सॉल्व्हंटवालं लावा, तीन-चार आठवडे निभावेल, मेहुणे येण्याच्या आठवडाभर आधी एक पातळ हात परत. स्प्रेचं मिळालं तर थेट मारू नका, फोमवर घ्या, नाहीतर ब्रेकच्या डिस्कवर उडतं. टायरच्या बाजूला लावलंत तर चालेल, रस्त्याला टेकतो त्या भागाला नाही. कोटिंग मात्र पुढच्या मे महिन्यात, मृग लागायच्या चांगले पंधरा दिवस आधी, सावलीत. तापलेल्या प्लास्टिकवर ते लावता लावताच आवळतं आणि पट्टे उठतात, म्हणून सकाळी लवकर.

पाटोचा_प्रवासी

काच आत्ताच धुऊन आलो, साबण आणि अल्कोहोल दोन्ही. फडकं वायपरवरून काळंकुट्ट आलं. कडकड थांबली. सॉल्व्हंटवालं शनिवारी आणतो. पूर्ण गाडीला साधारण किती लागतं? आणि पॉलिशचे पांढरे पट्टे प्लास्टिकच्या कडांना आहेत, ते एपीसीने जातील का?

फर्मागुढीचा_पाना

तुमच्या गाडीला तीस-चाळीस मिली खूप झालं, लहान बाटलीच घ्या. पट्टे एपीसीने नाही गेले तर शाळेतल्या पोरांचं मऊ खोडरबर घासा, दाण्यांतून निघतात. कोटिंगची बाटली मेमध्ये घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, एकदा उघडली की हवेच्या ओलाव्याने आतल्या आत घट्ट होते, पुढच्या वर्षासाठी राखून उपयोग नाही. उरेल तेवढ्यात आरशांचे बुडखे आणि मागच्या वायपरचा दांडा उरकून घ्या.