मानसशास्त्रात संशोधन करायचंय? आधी स्टॅट्स, मग फ्रॉइड

आकडेमोडे:
"गणित जमत नव्हतं म्हणून मानसशास्त्र घेतलं." संशोधनात यायचं असेल तर हे वाक्य गिळून टाका. माझं स्पष्ट मत, पहिलं वर्ष स्टॅट्स (संख्याशास्त्र) आणि कोडिंगला द्या. सिद्धांत कुठे पळून जात नाहीत. 2015 साली 100 मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निबंध आला. मूळ निबंधांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष लक्षणीय (म्हणजे आकड्यांच्या कसोटीला उतरलेला) होता, पुनरावृत्तीत जेमतेम 36 टक्क्यांत. याला लबाडीच लागते असं नाही. नमुना लहान असला आणि पी (खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली येईपर्यंत डेटा चाळत बसलं, की प्रामाणिक माणूसही फसतो. (मीही चाळलाय. सांगायला लाज वाटते.)

ओसरी:
निदान बरोबर, औषध चूक. त्या संशोधकांना स्टॅट्स येत नव्हतं होय? 2011 मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या संशोधकांनी मुद्दाम 'सिद्ध' करून दाखवलं की एक गाणं ऐकलं की माणूस जवळजवळ दीड वर्षाने लहान होतो! वडिलांचं वय कोव्हेरिएट (हिशोबात धरायचा जोडीचा घटक) म्हणून घातलं, आणि आला पी खाली. हे वेडगळ आहे असं कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही.

मी एकदा प्रश्नावली घेऊन एका आजोबांसमोर बसले होते. 'मला लोकांत मिसळायला आवडतं', 1 ते 5. पेन्सिल 2 आणि 4 च्या मध्ये घुटमळली. "कुठल्या लोकांत? घरातल्या की बाहेरच्या?" मी नियमाप्रमाणे म्हटलं, "तुम्हाला वाटेल ते." त्यांनी 3 ला गोल केला. आता त्या 3 वर रिग्रेशन चालवा नाहीतर न्यूरल नेटवर्क.

नवखी:
पण मी पाहिलेल्या जाहिरातींत आर आणि पायथन या कोडिंगच्या भाषाच मागतात. माणसांशी बोलता येतं का, हे कुणी विचारत नाही.

आकडेमोडे:
घ्या, बाजारानेच उत्तर दिलं. ओसरी, आजोबांचा 3 मान्य. पण माझ्या एका मित्राचं ऐका. स्केलमधल्या (प्रश्नावलीतल्या) उलट अर्थाच्या विधानांचे गुण उलटे करायचे राहिले, विधानांचा आपसातला मेळ सांगणारा क्रॉनबाख आल्फा चक्क उणे आला. गाइड म्हणाले, स्केलच बेकार, बदला. चार महिने पाण्यात. दोन ओळींच्या कोडचं काम होतं.

ओसरी:
आणि ती विधानं उलटी आहेत हे कळायला ती वाचावी लागतात. कोडला नाही कळत.

काठावरचा:
दोघंही प्री-रजिस्ट्रेशनला बगल देताय. गृहीतक आणि विश्लेषण डेटा हातात येण्याआधीच लिहून जमा केलं, की चाळण्याचा प्रश्नच मिटतो.

ओसरी:
चाळणं थांबेल. उथळ प्रश्न नाही थांबत, तो फक्त तारीख-वार लावून उथळ राहतो. नवखी, कोडिंग शिकच, मी नको कुठे म्हटलं? पण लिंक पाठवून मोकळी होऊ नकोस. निदान वीस जणांना स्वतः भेट.

आकडेमोडे:
भेट की. मग त्या मुलाखती दोघांकडून वेगवेगळ्या कोड करून घे (उत्तरांना प्रकारांची लेबलं लावून घे) आणि मेळ किती बसतो ते काढ. तिथे कोहेनचा काप्पा (kappa) लागतो. म्हणजे पुन्हा स्टॅट्सच.

नवखी:
वीस मुलाखती टाइप करण्यातच महिना जाईल हो. सबमिशनला अडीच महिने उरलेत.

ओसरी:
विषय काय आहे?

नवखी:
तोच ठरायचाय.